जे निकालपत्राने झाले नाही

ब्रिटनमधील आयटीव्ही या व्यापारी दूरचित्रवाणी वाहिनीने १ जानेवारी २०२४ च्या रात्री ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ या मालिकेचा पहिला भाग दाखविला. उरलेले तीन भाग पुढल्या तीन रात्रींत झाले. ५ जानेवारीला लंडनच्या महानगर पोलिसांनी पोस्ट ऑफिसच्या संभाव्य लबाडीचा तपास आपण करीत असल्याचे जाहीर केले. ९ जानेवारीला पोस्ट ऑफिसच्या माजी मुख्य कार्यकारी अधिकारी पॉला व्हेनेल्स यांनी आपला सीबीई हा किताब परत करीत असल्याचे सांगितले. तो काढून घ्यावा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर तोवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. आणि १० जानेवारीला पंतप्रधान ऋषी सुनक यांनी पार्लमेंटमध्ये उभे राहून घोषणा केली की, ज्या शेकडो सबपोस्टमास्तरांना चोरीच्या, अफरातफरीच्या व खोट्या जमाखर्चाच्या आरोपांवरून शिक्षा झाल्या, त्यांच्या शिक्षा स्वतंत्र कायदा करून एकदम रद्द करण्यात येतील. एका नाटकाच्या पहिल्या प्रयोगापासून मोजले तर अवघे दहा दिवस! प्रकरण मात्र पंचवीस वर्षांचे होते.

प्रेक्षकांच्या संतापाची ही शक्ती पाहून पुष्कळांना भरून आले. लोकशाही जिवंत आहे, असे अग्रलेख तेथील वृत्तपत्रांनी लिहिले. प्रस्तुत लेखकालाही आनंद झाला नाही असे नाही. परंतु आनंद ओसरल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो फारसा सुखावह नाही. जी गोष्ट न्यायालयाच्या निकालपत्रात शेकडो पाने भरून लिहिली गेली होती, ती सत्य ठरावयास नटनटींची गरज का पडावी?

प्रथम प्रकरण समजून घेतले पाहिजे, कारण सबपोस्टमास्तर म्हटल्यावर आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे टपाल खात्याचा पगारी नोकर उभा राहतो. ब्रिटनमधला सबपोस्टमास्तर हा बहुधा किराणा दुकानदार असतो. दुकानाच्या एका कोपऱ्यात तो पोस्टाची खिडकी चालवतो. तिकिटे विकतो, निवृत्तिवेतन वाटतो, बिले भरून घेतो. पोस्ट ऑफिसशी त्याचा करार असतो, नोकरीचे नाते नसते. या कराराचा अर्थ पोस्ट ऑफिसने असा लावला होता की, रोकड आणि हिशेब यांत तूट आली तर ती दुकानदाराने स्वतःच्या खिशातून भरून द्यावी. पुष्कळांनी आयुष्यभराची पुंजी घालून ही दुकाने विकत घेतलेली होती. १९९९ पासून या सर्व खिडक्यांवर ‘होरायझन’ नावाची संगणक-प्रणाली बसविण्यात आली. ती बनविली होती आयसीएल या कंपनीने, आणि आयसीएल जपानच्या फुजित्सू कंपनीच्या मालकीची होती. ही योजना मुळात सरकारी कामात खासगी भांडवल आणण्याच्या त्या काळच्या धोरणाखाली, १९९६ साली, सामाजिक सुरक्षा विभागासह संयुक्तपणे आखली गेली होती. लाभार्थ्यांना कार्ड देण्याचा तिचा अर्धा भाग १९९९ मध्ये फसला म्हणून सोडून देण्यात आला. उरलेला अर्धा पोस्टाच्या गळ्यात पडला. ज्या प्रणालीचा जन्मच एका मोडलेल्या सौद्यातून झाला, तिच्या आकड्यांवर पुढे माणसे तुरुंगात गेली.

तूट दिसू लागली. कुठे दोन हजार पौंडांची, कुठे तीस हजारांची. मदतीसाठी दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विचारणा केली की अनेकांना एकच उत्तर मिळे: अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात. १९९९ ते २०१५ या काळात सर्व फिर्यादी संस्था मिळून नऊशेहून अधिक लोकांवर खटले झाले; त्यांपैकी सुमारे सातशे खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालविले. हॅम्पशरमधील जो हॅमिल्टन यांच्यावर ३६ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप होता. खोटा जमाखर्च लिहिल्याचे कबूल केले तर चोरीचा आरोप मागे घेऊ, या सौद्याला त्या राजी झाल्या, आणि पैसे भरण्यास गावकऱ्यांनी त्यांना मदत केली. सरे परगण्यातील सीमा मिश्रा यांना २०१० साली गरोदर असताना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि तीही त्यांच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवशी. ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांनी वकिलाविना दिवाणी दावा लढविला. तो हरल्यावर त्यांच्यावर ३ लाख २१ हजार पौंडांचा खर्च लादला गेला व ते दिवाळखोर झाले. सर विन विल्यम्स यांच्या सार्वजनिक चौकशीचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रकरणामुळे किमान तेरा जणांनी जीव दिला असावा, अशी नोंद त्यात आहे.

पहिल्या भागात प्रेक्षकांनी काय पाहिले? मोनिका डोलन या अभिनेत्रीने वठविलेली जो हॅमिल्टन दुकान बंद झाल्यावर यंत्रापुढे बसली आहे. दूरध्वनीवरून मिळालेल्या सूचनेबरहुकूम ती कळी दाबते, आणि पडद्यावरची तूट तिच्या डोळ्यांदेखत दुप्पट होते. एवढेच. यात खून नाही, पाठलाग नाही. पण ज्याने कधी बँकेच्या किंवा वीजमंडळाच्या खिडकीवर उभे राहून ‘यंत्रात तसे दिसते आहे’ हे वाक्य ऐकले आहे, त्याला तो क्षण समजावून सांगावा लागत नाही. एक कोटीच्या आसपास लोकांनी तो पाहिला. आणि ज्यांनी वीस वर्षे आपल्या बायकोमुलांनाही काही सांगितले नव्हते, तूट गुपचूप भरून गाव सोडले होते, असे कित्येक जुने सबपोस्टमास्तर त्यानंतर वकिलांकडे आले. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. सह्यांच्या मोहिमेहूनही हिचे मोल मोठे आहे. ‘तुम्ही एकटेच आहात’ या असत्याला ते सर्वांत थेट उत्तर होते.

पण सत्य लपलेले होते काय? नव्हते. ‘कॉम्प्युटर वीकली’ या व्यवसायपत्राने मे २००९ मध्येच सात सबपोस्टमास्तरांच्या कहाण्या छापल्या. वेल्समधील लँडुड्नो येथील ॲलन बेट्स यांनी त्याच वर्षी वॉरिकशरमधील फेनी कॉम्प्टन या खेड्याच्या सभागृहात पीडितांची पहिली सभा घेतली. बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ने २०१५ मध्ये कार्यक्रम केला. मग ५५५ जणांनी मिळून उच्च न्यायालयात दावा लावला, आणि २०१९ साली न्यायमूर्ती फ्रेझर यांनी पोस्ट ऑफिसचे सारे म्हणणे धुळीला मिळविले. संगणक निर्दोष आहे, हा पोस्ट ऑफिसचा हेका म्हणजे पृथ्वी सपाट आहे असे म्हणण्याचा एकविसाव्या शतकातील अवतार होय, असा शेरा त्यांनी मारला. निकाल विरुद्ध जातो आहे हे दिसताच मार्च २०१९ मध्ये पोस्ट ऑफिसने न्यायमूर्ती पक्षपाती आहेत म्हणून त्यांनाच हटविण्याचा अर्ज केला होता. तो फेटाळला गेला. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. इतके होऊनही मालिका सुरू झाली तेव्हा रद्द झालेल्या शिक्षांची संख्या शंभराच्या आतच होती. सुमारे पावणेतीन वर्षांत शंभरही नाहीत, आणि नंतर दहा दिवसांत सर्वच्या सर्व रद्द करण्याची घोषणा!

याचे कारण प्रेक्षकांच्या अज्ञानात शोधणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. निकालपत्रे सामान्य माणसासाठी लिहिली जात नाहीत. ती वकिलांसाठी लिहिली जातात. पण मंत्री आणि खात्याचे सचिव तरी ती वाचतात ना? वाचतात. आणि वाचून ठेवून देतात, कारण निकालपत्र वाचलेल्या माणसांची संख्या निवडणुकीत मोजण्याइतकी नसते. २०१० साली टपाल खात्याचे मंत्री असलेले उदारमतवादी पक्षाचे एड डेव्ही यांनी बेट्स यांना प्रथम भेट नाकारली. होरायझन बसविली गेली तेव्हा मजूर पक्ष सत्तेवर होता. हुजूर पक्षाच्या राजवटीत न्यायालयीन लढाईवर पोस्ट ऑफिसने सरकारी तिजोरीच्या बळावर पाण्यासारखा पैसा ओतला. दोष तिन्ही पक्षांत सारखा वाटला गेला असला की विरोधी पक्षालाही आवाज उठविण्यात गोडी राहत नाही. या सार्वत्रिक सोयीच्या मौनाला मालिकेने तडा दिला. २०२४ हे निवडणुकीचे वर्ष होते, हे सांगावयास नकोच.

ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर न्यायव्यवस्थेवरचे नाटक नेहमीच असे स्वीकारले गेले आहे, असे मात्र नव्हे. ६ एप्रिल १९७८ रोजी बीबीसीने जी. एफ. न्यूमन यांनी लिहिलेल्या ‘लॉ अँड ऑर्डर’ या चार नाट्यांपैकी पहिले दाखविले होते. त्यात खोटा पुरावा रचणारा गुप्त पोलीस अधिकारी नायकाच्या जागी होता. पुढल्या भागांत गुन्हेगार, वकील व कैदी यांच्या नजरेतून तीच व्यवस्था दाखविलेली होती. तेव्हाही संतापाची लाट उसळली. पण ती पोलिसांवर उसळली नाही, नाटकावर उसळली. पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले, तुरुंग कर्मचाऱ्यांच्या संघटनेने बीबीसीच्या कॅमेऱ्यांना तुरुंगाची दारे बंद केली, आणि ती मालिका तीन दशके पुन्हा दाखविली गेली नाही. खोट्या कबुलीजबाबांवर उभ्या असलेल्या गिल्डफर्ड येथील चौघांच्या शिक्षा १९८९ साली आणि बर्मिंगहॅमच्या सहाजणांच्या १९९१ साली रद्द झाल्या, तेव्हा न्यूमन यांचे म्हणणे अगदीच अवास्तव नव्हते हे कळून चुकले; पण तोवर त्या नाटकाचा प्रेक्षकच उरला नव्हता.

दोन पहिल्या भागांचे नशीब इतके भिन्न का? १९७८ चे नाटक निकालाच्या आधी आले. २०२४ चे निकालानंतर पाच वर्षांनी. पहिल्याने प्रेक्षकाला शंका घ्यावयास सांगितले, दुसऱ्याने शंका फिटल्यावर रागवावयास सांगितले. आणि दुसरे कारण असे की बेट्स, हॅमिल्टन, कॅसलटन ही माणसे दुकानदार आहेत, निरुपद्रवी आहेत, शेजारची वाटतात. न्यूमन यांच्या नाटकात ज्याच्यावर अन्याय होतो तो सराईत गुन्हेगार आहे. त्याच्यावरही खोटा पुरावा रचता कामा नये, हे तत्त्व समजावयास प्रेक्षकाला अधिक कष्ट पडतात. जे नाटक असे कष्ट देते त्याच्या वाट्याला सह्यांची मोहीम येत नाही.

नाटकाच्या स्वभावातच दुसरीही एक अडचण आहे. त्याला चेहरा लागतो. मालिकेने चेहरा दिला तो पॉला व्हेनेल्स यांचा, आणि प्रेक्षकांचा रोष तेथे जाऊन स्थिरावला. त्यांची जबाबदारी मोठी आहे यात वाद नाही. पण त्या मुख्य कार्यकारी होत्या २०१२ ते २०१९ या काळात. बहुसंख्य खटले त्यापूर्वी झालेले होते. किताब परत गेला, छायाचित्रे छापून आली, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ज्यात खरा रस असावा ती यंत्रणा पुन्हा अर्धवट अंधारातच राहिली. करार असा की तूट आली की भरणारा दुकानदार. हिशेबाची आतली माहिती मात्र सारी पोस्ट ऑफिस व फुजित्सू यांच्याकडे. दूरवरून कुणाच्याही खात्यात फेरफार करता येत नाही, असे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे सांगत राहिले. ते खोटे निघाले. ज्याच्या हाती माहिती नाही त्याच्यावर संपूर्ण जोखीम, आणि ज्याच्या हाती माहिती आहे त्याला जोखीम शून्य. असा करार बाजारातल्या कुठल्याही लबाड सावकाराने केला असता तर आपण त्याला नावे ठेवली असती.

आणि इथेच आम्हा समाजवाद्यांना थोडे थांबून बोलणे भाग आहे. पोस्ट ऑफिस ही संस्था कोणा भांडवलदाराची नव्हती. रॉयल मेलचे खासगीकरण २०१३ मध्ये झाले, पण पोस्ट ऑफिस तिच्यापासून आधीच वेगळे काढून पूर्णपणे सरकारी मालकीत ठेवण्यात आले होते व ते तसेच राहिले. म्हणजे हा अन्याय सार्वजनिक मालकीच्या संस्थेने, गावोगावच्या छोट्या दुकानदारांवर, राजेशाहीच्या काळापासून मिळालेल्या प्रतिष्ठेच्या आड उभे राहून केला. मंत्री सांगत, संस्था स्वायत्त आहे, आम्ही हात घालू शकत नाही. संस्था सांगे, आम्ही सरकारी आहोत, आमच्यावर अविश्वास कसा दाखविता? मालकी जनतेची आणि उत्तरदायित्व कुणाचेच नाही, अशी ही स्थिती होती. त्यावर उपाय म्हणून पोस्टही विकून टाका, असे म्हणणारे लोक आहेतच. त्यांनी फुजित्सूकडे पाहावे. ती खासगीच होती. जानेवारी २०२४ मध्ये तिच्या प्रतिनिधीने पार्लमेंटच्या समितीपुढे भरपाईत वाटा उचलण्याचे नैतिक बंधन मान्य केले, पण २०२५ च्या मध्यापर्यंत वाटली गेलेली एक अब्ज पौंडांहून अधिक भरपाई सरकारी तिजोरीतून गेली होती. राष्ट्रीयीकरणाच्या आपल्या घोषणांत कामगारांचा व ग्राहकांचा व्यवस्थापनातील सहभाग हे शब्द पूर्वी असत. पुढे ते कसे गळून पडले याचा विचार या निमित्ताने व्हावा. सबपोस्टमास्तरांची जी संघटना होती तिचा बराचसा खर्च पोस्ट ऑफिसच भागवीत असे, आणि तिने आपल्याच सभासदांना वाऱ्यावर सोडले. बेट्स यांना स्वतंत्र संघटना उभारावी लागली ती त्यामुळे.

फिर्यादी कोण, तपास करणारा कोण, आणि खटला चालविणारा कोण, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर इंग्लंड व वेल्समध्ये ‘पोस्ट ऑफिस’ असेच होते. खासगी फिर्यादीचा जुना हक्क तेथे शिल्लक आहे. पण केवळ तेवढ्याने सारे घडले असेही म्हणता येत नाही, कारण स्कॉटलंडमध्ये खटले स्वतंत्र सरकारी अभियोक्त्यांनी चालविले आणि तेथेही निरपराध लोक दोषी ठरलेच. दोन्हीकडे समान होता तो यंत्रावरचा विश्वास. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुराव्याच्या कायद्यात कलम ६९ असे होते की, संगणकाचा कागद पुराव्यात आणणाऱ्याने तो संगणक नीट चालत होता हे दाखवून द्यावे. हे कलम जाचक आहे, असे म्हणून १९९९ च्या कायद्याने ते रद्द करण्यात आले. होरायझन बसविली गेली तेही वर्ष १९९९. त्यानंतर यंत्र नीट चालत होते असे न्यायालय गृहीत धरू लागले, आणि ते बिघडले होते हे शाबीत करण्याचा बोजा खेड्यातल्या दुकानदारावर येऊन पडला. ते शाबीत करण्यास लागणारी कागदपत्रे प्रतिपक्षाच्या कपाटात! या एका कलमाविषयी मालिकेत फारसे काही नाही, आणि प्रेक्षकांनीही त्यावर सह्या गोळा केल्या नाहीत. ब्रिटिश न्याय मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये या गृहीतकाविषयी मते मागविली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

आपला कायदा या बाबतीत वेगळ्या वाटेने गेला. २००० साली पुराव्याच्या कायद्यात घातलेले कलम ६५-ब हे ब्रिटनच्या १९६८ च्या दिवाणी पुराव्याच्या कायद्यावरून घेतलेले होते. ब्रिटनने ते टाकून दिल्यानंतर आपण ते उचलले, ही त्यातली गंमत. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या वादात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये, मूळ साधनच न्यायालयात हजर केले नसेल तर प्रमाणपत्र दिल्यावाचून संगणकीय प्रत पुराव्यात घेता येणार नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र कायम आहे व त्यात तज्ज्ञाच्या सहीचीही भर पडली आहे. कागदावर आपण ब्रिटनच्या पुढे आहोत. परंतु आपली लाखो माणसे ज्या यंत्रांपुढे उभी राहतात ती न्यायालयात नसतात. शिधावाटप दुकानातील अंगठ्याचे यंत्र ‘जुळत नाही’ म्हणते तेव्हा कोणते प्रमाणपत्र मागावयाचे, आणि कोणाकडे?

पार्लमेंटने केलेल्या उपायाविषयीही मनात किंतु राहतो. २४ मे २०२४ रोजी राजसंमती मिळालेल्या कायद्याने न्यायालयांनी दिलेल्या शिक्षा विधिमंडळाने एका फटक्यात पुसल्या. असे यापूर्वी त्या देशात या प्रमाणावर घडलेले नव्हते. न्यायालयांना मार्ग काढण्यास अनेक वर्षे मिळाली होती व त्यांनी ती गमावली, म्हणून हे करणे भाग होते, हे मला मान्य आहे. पण प्रेक्षकांच्या रागापुढे झुकून आज निरपराधांना सोडणारे विधिमंडळ उद्या त्याच रागापुढे झुकून कोणाला अडकवणारही नाही, याची खात्री कोण देणार? शिवाय घाईत आखलेल्या रेषेबाहेर काही माणसे राहिलीच. ज्यांची अपिले अपील न्यायालयाने आधी फेटाळली होती त्यांना या कायद्याचा लाभ नाही. ज्यांच्यावर निवृत्तिवेतन खात्याने खटले भरले त्यांना नाही. ५५५ जणांच्या दाव्याची तडजोड डिसेंबर २०१९ मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर झाली, आणि वकिलांचा व दाव्याला पैसा पुरविणाऱ्यांचा वाटा गेल्यावर माणशी सरासरी वीस हजार पौंड उरले. त्यासाठी पुढे वेगळी योजना करावी लागली.

होरायझनच्या आधी, १९९० च्या दशकात, पोस्टाच्या खिडक्यांवर ‘कॅप्चर’ नावाची दुसरी एक हिशेबप्रणाली वापरात होती. तिच्यातही चुका होत होत्या व त्यांतून तूट दिसली असावी, हे ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये मान्य केले. तिच्यामुळे शिक्षा झालेल्यांचा २०२४ च्या कायद्यात समावेश नाही. त्यांच्यापैकी एका मृत महिलेचे प्रकरण अपील न्यायालयाकडे धाडण्याचे फेरतपासणी आयोगाने २०२५ च्या जुलैमध्ये ठरविले. कॅप्चरवर कोणी मालिका काढलेली नाही, आणि आयटीव्हीच्या चालकांनी नंतर सांगितले त्याप्रमाणे बेट्स यांच्यावरील मालिकेचा खर्चदेखील भरून निघाला नव्हता.